पुलाव बिडाँगहून पुढे कुठे? व्हिएतनामी निर्वासितांना इतर देशांत वसवण्याचे प्रयत्न

लेखन : केतकीबन

इथे निर्वासितांवर धागा निघाला की कुणीतरी विचारतंच, "एवढी माणसं घेणार कोण?" प्रश्न रास्त आहे. म्हणून सरकारांना ज्या वेळी त्याचं उत्तर खरोखर द्यावं लागलं, त्या व्हिएतनामच्या प्रकरणाबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं. १९७५ पासून पुढच्या वीस वर्षांत व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून बाहेर पडलेल्या १३ लाखांहून अधिक माणसांना दुसऱ्या देशांनी कायमचं सामावून घेतलं. त्यांतले ८ लाखांच्या वर एकट्या अमेरिकेत गेले.

३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तरेच्या साम्यवादी सैन्याच्या हाती पडली. शेवटच्या दोन दिवसांत अमेरिकी हेलिकॉप्टरांनी सुमारे ७ हजार माणसं उचलली, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण त्या एप्रिल-मे मध्ये विमानांनी, जहाजांनी, मिळेल त्या होडीने बाहेर पडून अमेरिकेच्या हाती आलेल्यांचा आकडा सव्वा लाखाच्या पुढे होता. त्यांतल्या १ लाख ११ हजारांहून अधिक लोकांचा पहिला मुक्काम ग्वाम बेटावर पडला. तिथून त्यांना अमेरिकेतल्या चार लष्करी तळांवर नेलं : कॅलिफोर्नियात कॅम्प पेंडलटन, आर्कान्सात फोर्ट चॅफी, फ्लोरिडात एग्लिन आणि पेनसिल्व्हेनियात फोर्ट इंडियनटाउन गॅप. २३ मे ला अध्यक्ष फोर्ड यांनी खर्चाच्या कायद्यावर सही केली. तळाबाहेर पडायचं तर स्पॉन्सर हवा. एखादं चर्च, एखादं कुटुंब, कधी नोकरी देणारा मालक. नऊ स्वयंसेवी संस्थांनी देशभर फिरून हे स्पॉन्सर जमवले आणि डिसेंबरअखेर चारही तळ रिकामे झाले. त्याच मे महिन्यातल्या गॅलप जनमत चाचणीत ५४ टक्के अमेरिकी लोक या निर्वासितांना घेण्याच्या विरोधात होते, बाजूने फक्त ३६ टक्के. लोकमत आधी वळेल आणि मग निर्णय घेऊ, असं सरकारने म्हटलं असतं तर ते तळ कधीच रिकामे झाले नसते.

पण खरा कस लागला तो १९७८-७९ मध्ये. मार्च १९७८ मध्ये व्हिएतनाम सरकारने दक्षिणेतला खाजगी व्यापार बंद केला. त्याचा सर्वांत मोठा फटका बसला तो सायगॉनच्या चोलोन भागातल्या चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांना. त्यात चीनशी संबंध बिघडले. सोनं घेऊन माणसांना बोटीत बसवून देण्यात स्थानिक अधिकारीही सामील होते. जून १९७९ या एका महिन्यात ५४ हजारांहून जास्त माणसं शेजारच्या देशांच्या किनाऱ्याला लागली. मलेशियात तेरेंगानूसमोर पुलाव बिडाँग नावाचं बेट आहे, जेमतेम एक चौरस किलोमीटरचं. त्यावर त्या महिन्यात ४० हजार माणसं राहत होती. लाकडाच्या फळ्या आणि प्लॅस्टिकच्या कागदांची दुमजली खोपटी, पिण्याचं पाणी आणि धान्य मुख्य भूमीवरून बोटीने यायचं.

मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, सिंगापूर, फिलिपिन्स या पाचांनी जूनमध्ये मिळून जाहीर केलं की आता आमची सहनशक्ती संपली, नवे निर्वासित घेणार नाही. बोटी परत समुद्रात ओढून सोडणं तर आधीच सुरू झालं होतं. आदल्या नोव्हेंबरात हाय हाँग नावाचं जुनं मालवाहू जहाज सुमारे अडीच हजार माणसं घेऊन पोर्ट क्लांगजवळ उभं राहिलं, तेव्हा मलेशियाने कुणालाही उतरू दिलं नव्हतं. कॅनडाने ६०४ जणांना घेतलं, पश्चिम जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्याने हजार जागा देऊ केल्या, आणखी काही देश पुढे आले, तेव्हा ते जहाज हळूहळू रिकामं झालं. ही माणसं जहाजावरून थेट दुसऱ्या देशाच्या वाटेला लागली. पुढच्या मोठ्या कराराचा हा नमुनाच म्हणायला हवा.

२० आणि २१ जुलै १९७९ ला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांनी जिनिव्हात परिषद बोलावली. ६५ सरकारं आली. अमेरिकेचे उपाध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल यांनी तिथे १९३८ च्या एव्हियाँ परिषदेची आठवण करून दिली. ज्यू निर्वासितांसाठी भरलेल्या त्या परिषदेतून देश जवळपास रिकाम्या हातांनी परतले होते. या वेळी तसं झालं नाही. कायमच्या वास्तव्यासाठी देऊ केलेल्या जागा १ लाख २५ हजारांवरून २ लाख ६० हजारांवर गेल्या. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी काही आठवडे आधीच महिन्याला ७ हजारांचा कोटा दुप्पट करून १४ हजार केला होता. इंडोनेशियाने गालांग बेट आणि फिलिपिन्सने बाताआन इथे मोठ्या छावण्यांसाठी जागा दिली. व्हिएतनामने बेकायदा निर्गमन रोखायचं आणि ज्यांना जायचंय त्यांना कागदोपत्री रीतसर पाठवायचं कबूल केलं. जुलै १९७९ ते जुलै १९८२ या तीन वर्षांत वीसहून अधिक देशांनी मिळून ६ लाख २३ हजारांवर माणसं नेली.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे नुसत्या कळवळ्यावर झालं नाही. किनाऱ्यावरच्या देशाने बोट ढकलून द्यायची नाही आणि दूरच्या देशाने तिथून माणसं उचलत राहायची, असा सौदा होता. दुसरी बाजू मंदावली की पहिली बाजू आखडायची. निर्वासितांबद्दल मनापासून बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी या सौद्याकडे कमीपणाने पाहू नये असं मला वाटतं. त्या सौद्यानेच माणसं वाचली.

तुमची माहिती, मतभेद, सगळं वाचायला आवडेल.

प्रतिसाद : मुळशीकर

उत्तम लेख. एक साधा प्रश्न : यात भारत कुठे होता? आपण किती जण घेतले?

प्रतिसाद : केतकीबन

मुळशीकर, कायमचं वसवून घेणाऱ्या देशांच्या यादीत भारत नव्हता. दिल्लीचे हनोईशी जवळचे संबंध होते, हेही ध्यानात घ्यायला हवं. पण व्हिएतनाममधल्या याआधीच्या एका मोठ्या स्थलांतराशी आपला थेट संबंध आला होता. १९५४ च्या जिनिव्हा करारानुसार देशाचे दोन भाग झाले, तेव्हा ३०० दिवस कुणालाही उत्तरेतून दक्षिणेत किंवा दक्षिणेतून उत्तरेत जायची मुभा होती. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात भारत, कॅनडा आणि पोलंड होते आणि अध्यक्षपद भारताकडे होतं. उत्तरेतून ८ लाखांच्या वर माणसं दक्षिणेत आली, बहुतेक कॅथलिक. त्यांच्यातल्या कित्येकांवर वीस वर्षांनी पुन्हा गाठोडं बांधायची वेळ आली.

दुसरं म्हणजे १९५१ च्या निर्वासित कराराला आपण सही केलेली नाही. मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया यांनीही केलेली नाही. पण आपण निर्वासितांना जागा दिली नाही असं मुळीच नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. आपण जमीन देऊन इथेच वसवलं. मलेशिया, थायलंड यांनी मात्र ठरवून टाकलं होतं की कायमचं एकालाही ठेवणार नाही. त्यामुळे तिथल्या प्रत्येक माणसासाठी तिसरा देश शोधण्यावाचून मार्गच नव्हता.

प्रतिसाद : ओटावाकर

केतकीबन, कॅनडाबद्दल जरा विस्ताराने लिहितो. मी राहतो त्या शहराचीच ही गोष्ट आहे आणि इथल्या जुन्या लोकांना ती अजून अभिमानाने सांगावीशी वाटते.

कॅनडाच्या नव्या इमिग्रेशन कायद्यात (लागू झाला १९७८ मध्ये) एक तरतूद होती. पाच किंवा अधिक लोकांनी एकत्र येऊन, किंवा एखाद्या संस्थेने, निर्वासित कुटुंबाची एका वर्षाची पूर्ण जबाबदारी घेतली तर सरकार त्या कुटुंबाला आणेल. घरभाडं, किराणा, कपडे, मुलांची शाळा, डॉक्टर, बसचा पास कसा काढायचा इथपासून सगळं त्या गटाने बघायचं. मार्च १९७९ मध्ये मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या समितीने सरकारशी एकच मोठा करार केला, त्यामुळे त्यांच्या गावोगावच्या गटांना वेगवेगळी छाननी सोसावी लागली नाही. बाकीच्या चर्चसंस्थांनीही मग तसेच करार केले. कागदावर क्षुल्लक वाटणारी ही सोय नसती तर पुढचा आकडा गाठणं अशक्य होतं.

जूनमध्ये जो क्लार्क यांचं अल्पमतातलं सरकार आलं. फ्लोरा मॅकडोनाल्ड परराष्ट्रमंत्री, रॉन ॲटकी इमिग्रेशन मंत्री. १९३० आणि १९४० च्या दशकांत कॅनडाने ज्यू निर्वासितांना कसं बाहेर ठेवलं यावरचा दोन इतिहासकारांचा मजकूर छापून येण्याआधीच ॲटकींच्या हाती पडला होता. त्याचा आपल्या निर्णयावर परिणाम झाल्याचं त्यांनी पुढे सांगितलं. जुलैमध्ये सरकारने घोषणा केली : १९८० संपेपर्यंत ५० हजार. आणि पद्धत अशी, की लोकांनी एकाला स्पॉन्सर केलं की सरकार आणखी एकाला स्वतःच्या खर्चाने आणणार.

आता ओटावा. इथल्या महापौर होत्या मॅरियन ड्यूअर. सरकार ८ हजार निर्वासित घेणार आहे आणि त्यांतले ४ हजार येऊन झालेत असं त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, उरलेले ४ हजार आमचं शहर घेईल. प्रोजेक्ट ४००० हे नाव त्यावरूनच. १२ जुलैला लॅन्सडाउन पार्कमध्ये सभा झाली, तीनेक हजार लोक आले. एका महापौरबाईंनी देशाच्या सरकारला पुढे रेटलं, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

पुढचं सगळं यंत्रासारखं चाललं. व्हिसा अधिकारी बिडाँगसारख्या छावण्यांत टेबलं टाकून मुलाखती घ्यायचे. १८१ खास विमानं झाली. ती उतरायची एडमंटनच्या ग्रीसबाख किंवा मॉन्ट्रियलच्या लाँग-प्वॉइंट लष्करी तळावर. तिथे तपासणी, कागदपत्रं, थंडीचे कोट, आणि मग गावोगावच्या गटांकडे रवानगी. एप्रिल १९८० मध्ये नव्या लिबरल सरकारने आकडा ६० हजारांवर नेला, म्हणजे पक्ष बदलला तरी धोरण बदललं नाही. त्या ६० हजारांत निम्म्याहून जास्त, सुमारे ३४ हजार, लोकांनीच स्पॉन्सर केलेले होते. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं, निर्वासितांसाठीच्या कामाबद्दलचं नान्सेन पदक "कॅनडाची जनता" या नावाने दिलं गेलं.

आमच्या शेजारच्या व्हिएतनामी आजींना सस्कॅचेवानमधल्या एका छोट्या गावाच्या चर्चने आणलं होतं. गावाने फार प्रेम दिलं असं त्या सांगतात. तरी वर्ष संपल्यावर त्या ओटावाला आल्या, कारण बहीण इथे होती आणि भाताचं दुकानही इथे होतं. माणसांना देशभर विखरून ठेवायचं सरकारी धोरण सगळीकडेच असं मागे पडलं. अमेरिकेतही ५० राज्यांत वाटलेली कुटुंबं पुढे कॅलिफोर्नियात गोळा झाली आणि ऑरेंज काउंटीत वेस्टमिन्स्टरला लिटल सायगॉन उभं राहिलं. मला यात काही चुकलंय असं वाटत नाही. वसवणं म्हणजे शेवटी आपल्या माणसांत वसणं.

प्रतिसाद : चाफेकळी

ओटावाकर, फार छान लिहिलंत. महापौरबाईंबद्दल अजिबात माहीत नव्हतं. वाचतेय.

प्रतिसाद : रोखठोक

माहिती चांगली आहे, पण मला सूर पटत नाही. ज्या देशाने तिथे वर्षानुवर्षं बाँब टाकले, त्याने नंतर काही लाख माणसं घेतली तर त्याला औदार्य का म्हणायचं? ते कर्ज होतं. शिवाय निवडही सरळ नव्हती. अमेरिकेच्या प्राधान्यक्रमात आधी अमेरिकेत नातेवाईक असलेले, मग अमेरिकी सरकारचे जुने कर्मचारी, मग दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याशी आणि सरकारशी संबंधित, आणि शेवटी बाकीचे. म्हणजे ज्याचं कुणीच नाही असा कोळी सगळ्यांत शेवटी. विमानभाडंसुद्धा कर्ज म्हणून दिलं जायचं आणि नोकरी लागल्यावर हप्त्यांनी फेडावं लागायचं.

आणि तिथे पोचल्यावर? टेक्सासच्या किनाऱ्यावर कोळंबी पकडणाऱ्या व्हिएतनामी लोकांच्या बोटी जाळल्या गेल्या. १९७९ मध्ये सीड्रिफ्टला भांडणात माणूस मेला, १९८१ मध्ये गॅल्व्हेस्टन बेमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा कु क्लक्स क्लॅन उघड धमक्या देत फिरत होता. व्हिएतनामी मच्छीमार संघटनेला कोर्टात जाऊन त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवावा लागला. विमानातून उतरवलं म्हणजे पुनर्वसन झालं, असं आकडे सांगतात. मला ते मान्य नाही.

प्रतिसाद : केतकीबन

रोखठोक, टेक्सासचा मुद्दा पूर्ण मान्य. अमेरिकेच्या जबाबदारीचाही मान्य, त्याला कर्ज म्हणायलाही माझी हरकत नाही. पण १९७९ मध्ये बिडाँगवर बसलेल्या माणसाला ते औदार्य आहे की कर्जफेड याने फरक पडत नव्हता. त्याला आपल्या नावापुढे देश लिहिला जाईल की नाही याची काळजी होती. आणि नॉर्वे, स्वित्झर्लंड, कॅनडा हे तर व्हिएतनामचं काहीच देणं लागत नव्हते. इस्रायलने जून १९७७ मध्ये आपल्या जहाजाने वाचवलेल्या ६६ जणांना घेतलं, पंतप्रधान बेगिन यांच्या पहिल्या निर्णयांपैकी तो एक होता. त्यांच्याबद्दल तुम्ही काय म्हणाल?

प्राधान्यक्रमाबद्दल : त्या चौथ्या गटातलेच लोक इतर देश घेत होते. म्हणून देश जास्त असणं गरजेचं होतं. एकाच देशाच्या नियमांत सगळे बसणं शक्यच नव्हतं.

प्रतिसाद : जहाजी

मी ऐंशीच्या दशकात मर्चंट नेव्हीत होतो, दक्षिण चीन समुद्रातून बऱ्याच फेऱ्या झाल्या. या धाग्यात समुद्राबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

बुडणाऱ्याला वाचवणं हा कायदा आहेच, आणि कायद्याआधी आमचा धर्म आहे. पण बोट दिसल्यावर कॅप्टनच्या डोक्यात लगेच हिशोब सुरू व्हायचा, की माणसं चढवून घेतली तर पुढच्या बंदरात उतरवू देतील का? नाही दिली तर जहाज नांगरावर अडकणार, माल उशिरा पोचणार, मालकाला रोजचा भुर्दंड. मे १९७९ मध्ये सिबोंगा या ब्रिटिश जहाजाने सुमारे हजार माणसं वाचवली आणि हाँगकाँगबाहेर ती उतरवून घेण्यासाठी थांबून राहावं लागलं. ब्रिटन सरकारने त्यांना घेण्याचं कबूल केलं तेव्हा प्रश्न सुटला. अशा बातम्या सगळ्या जहाजांवर पोचायच्या. त्यामुळे काही जहाजं बोट दिसली तरी मार्ग बदलून निघून जायची. हे लिहिताना त्रास होतो, पण ते घडत होतं.

याला उपाय म्हणून १९७९ मध्येच एक योजना निघाली. ज्या जहाजाचा झेंडा अशा देशाचा आहे जो निर्वासित घेत नाही, त्या जहाजाने वाचवलेल्या माणसांसाठी काही देशांनी मिळून जागा राखून ठेवल्या. म्हणजे लायबेरिया किंवा पनामाच्या झेंड्याखालच्या जहाजालाही बंदरात सांगता यायचं, की यांना उतरवून घ्या, यांची सोय आधीच झालेली आहे. १९८५ मध्ये अशीच आणखी एक योजना जोडली. केतकीबन म्हणतात तो सौदा समुद्रातसुद्धा लागू होता. राखून ठेवलेली प्रत्येक जागा म्हणजे एका कॅप्टनची बोट थांबवण्याची हिंमत.

जर्मनीच्या काप अनामूर जहाजाचंही नाव घ्यायला हवं. रूपर्ट नॉयडेक या पत्रकाराने वर्गणी जमवून ते चालवलं. १० हजारांहून अधिक माणसं त्याने समुद्रातून उचलली आणि त्यांना पश्चिम जर्मनीत आसरा मिळाला. थायलंडच्या आखातातल्या चाच्यांबद्दल मी इथे लिहीत नाही. बायकामुलींवर जे झालं ते ज्यांनी सोसलं त्यांनीच सांगावं.

प्रतिसाद : चाफेकळी

जहाजी काका, तुमचा प्रतिसाद वाचून काही वेळ काही सुचलं नाही. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

एक भर घालते. सगळी चर्चा पश्चिमेकडच्या देशांवर चाललीय, पण चीनने अडीच लाखांहून जास्त माणसं घेतली. उत्तर व्हिएतनाममधले चिनी वंशाचे लोक १९७८-७९ मध्ये सरहद्द ओलांडून तिकडे गेले आणि त्यांना ग्वांगशी, ग्वांगदाँग, युन्नान, हायनान अशा भागांत सरकारी शेतांवर वसवलं. अमेरिकेखालोखाल एवढ्या व्हिएतनामी निर्वासितांना जागा देणारा देश म्हणून चीनचं नाव क्वचितच कुणी घेतं. तिथे ना मुलाखत, ना स्पॉन्सर. चहाच्या आणि रबराच्या मळ्यांत काम आणि राहायला जागा. जपानने मात्र १९७८ पर्यंत कायमचं कुणालाच घेतलं नव्हतं आणि पुढेही व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया या तिन्ही देशांचे मिळून फक्त ११ हजारांच्या आसपास लोक घेतले. पैसा मात्र भरपूर दिला.

प्रतिसाद : दप्तरदार

व्हिएतनामने "रीतसर पाठवायचं कबूल केलं" असं मूळ लेखात एका ओळीत आलंय. तो भाग खरं तर मोठा आहे. ३० मे १९७९ ला हनोईचं सरकार आणि निर्वासित उच्चायुक्तालय यांच्यात समझोता झाला आणि त्यातून ऑर्डर्ली डिपार्चर प्रोग्रॅम सुरू झाला. जीव धोक्यात न घालता, पासपोर्टवर शिक्के मारून, हो ची मिन्ह सिटीहून (म्हणजे जुन्या सायगॉनहून) विमानाने.

पण गाडं अडायचं ते याद्यांवर. व्हिएतनाम आपली यादी द्यायचं, यांना आम्ही सोडायला तयार आहोत. अमेरिका आपली यादी द्यायची, यांना आम्ही घ्यायला तयार आहोत. दोन्ही याद्यांत नाव असेल तोच सुटायचा. सुरुवातीला फारच थोडी नावं जुळायची. ज्याला अमेरिकेने मागितलंय त्याला हनोई सोडायला तयार नसायचं, विशेषतः तो जुना अधिकारी असेल तर. दोन्ही सरकारांचे राजनैतिक संबंधच नव्हते, त्यामुळे मुलाखतींसाठी अमेरिकी अधिकारी बँकॉकहून यायचे. १९८६ मध्ये मुलाखती बंदच पडल्या, १९८७ मध्ये परत सुरू झाल्या.

मग दोन गोष्टींनी वेग आला. १९८७ च्या अमेरिकी कायद्याने अमेरिकी सैनिकांच्या व्हिएतनामी मुलांना जवळच्या नातेवाइकांसह यायची वाट मोकळी केली. आणि जुलै १९८९ मध्ये दोन्ही सरकारांचं ठरलं, की पुनर्शिक्षण छावणीत (जिथे दक्षिणेतल्या जुन्या अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना डांबलं होतं) तीन वर्षं किंवा जास्त काढलेल्यांना कुटुंबासह जाऊ द्यायचं. जानेवारी १९९० पासून त्यांची विमानं निघाली. व्हिएतनामी समाजात या लोकांना आजही "एच. ओ." कुटुंबं म्हणून ओळखतात. या रीतसर मार्गाने एकूण ६ लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली. बोटींची छायाचित्रं गाजली, पण पुढे पुढे बहुतेक लोक विमानानेच गेले. हे श्रेय फाइली हलवणाऱ्या दोन्हीकडच्या अनामिक कारकुनांचं आहे आणि ते त्यांना मिळायला हवं.

प्रतिसाद : रोखठोक

दप्तरदार, चांगली माहिती. आता हाँगकाँगचंही बोलू या, कारण सौदा मोडल्यावर काय होतं ते तिथे दिसतं.

४ मे १९७५ ला क्लारा मर्स्क हे डॅनिश जहाज ३,७४३ माणसं घेऊन तिथे आलं, तेव्हा त्यांना उतरवून घेतलं. पुढची कित्येक वर्षं हाँगकाँगने एकही बोट परत ढकलली नाही. १९७९ मध्ये निर्वासित बाहेर जाऊन कारखान्यांत कामही करू शकत होते. मग परदेशांनी उचल कमी केली आणि जुलै १९८२ पासून नव्यांसाठी बंद छावण्या आल्या, काटेरी तारांच्या आत. १६ जून १९८८ पासून नियम बदलला : आता आलेला प्रत्येक जण बेकायदा घुसखोर धरणार, तो निर्वासित आहे हे त्याने छाननीत सिद्ध करायचं. १२ डिसेंबर १९८९ च्या पहाटे ५१ जणांना, त्यांत बायका आणि मुलं जास्त, पोलिसांनी ट्रकमध्ये बसवून हनोईच्या विमानात चढवलं. व्हाइटहेडसारख्या छावणीत मुलं जन्मली आणि तारांच्या आत शाळेच्या वयाची झाली. याला पुनर्वसनाचं यश म्हणता का?

प्रतिसाद : केतकीबन

नाही म्हणत. पण का झालं ते पाहू. १९८७-८८ मध्ये बोटी पुन्हा वाढल्या. आता येणाऱ्यांत उत्तरेतले, गरिबीला कंटाळून निघालेले बरेच होते. पोचलं की कुठला तरी देश मिळतोच, ही खात्री लोकांना समुद्रात उतरवत होती, आणि समुद्रात माणसं मरत होती. घेणाऱ्या देशांचा उत्साहही आटला होता. म्हणून जून १९८९ मध्ये जिनिव्हात दुसरी परिषद झाली. तिथे ठरलं, की बहुतेक देशांत १४ मार्च १९८९ नंतर आलेल्यांची छाननी होईल. खरे निर्वासित ठरतील त्यांना तिसरा देश, बाकीच्यांना परत. त्या आधीपासून छावण्यांत अडकलेल्या सगळ्यांना मात्र देश मिळवून द्यायची हमी होती आणि ती पाळली गेली.

१ लाख ९ हजारांहून अधिक लोक परत गेले. उच्चायुक्तालयाची माणसं त्यांच्या गावी जाऊन चौकशी करत होती आणि युरोपीय समुदायाने त्यांच्यासाठी छोट्या धंद्यांच्या कर्जांची योजना चालवली. जबरदस्तीने पाठवणं मला आजही मान्य नाही. छाननीत अन्याय झाले, फिलिपिन्स आणि इंडोनेशियात लाच मागितल्याच्या तक्रारीही होत्या. पण सगळी दारं सरसकट बंद करण्याऐवजी छाननी आणि रीतसर विमान अशी दोन्ही ठेवली, याला मी अपयश म्हणणार नाही. परतलेल्यांतल्या काहींना १९९६ च्या अमेरिकी योजनेतून व्हिएतनाममधूनच पुन्हा मुलाखत देता आली.

प्रतिसाद : मुळशीकर

मग ज्यांना छाननीत नाकारलं आणि जे परतही गेले नाहीत, त्यांचं काय झालं?

प्रतिसाद : दप्तरदार

मुळशीकर, त्यांची सर्वांत ठळक गोष्ट फिलिपिन्सची आहे. १९९६ मध्ये पलावानची छावणी बंद करून सगळ्यांना परत पाठवायची तयारी झाली होती. तिथल्या कॅथलिक चर्चने मध्ये पडून त्यांना राहू द्यायला लावलं. जवळपास २ हजार लोक देशाविना तिथेच राहिले, कापड आणि अत्तरं फिरून विकत. पलावानमध्ये त्यांची वस्ती होती, व्हिएतव्हिल नावाची, तिथला पाव आणि नूडल्स प्रसिद्ध झाले. अखेर अमेरिकेने त्यांच्या अर्जांचा नव्याने विचार केला आणि सप्टेंबर २००५ मध्ये पहिला गट मनिलाहून निघाला. त्यानंतर दीड हजारांहून जास्त लोक अमेरिकेत गेले, काही कॅनडा आणि नॉर्वेला. यात परदेशांत स्थायिक झालेल्या व्हिएतनामी वकिलांचा मोठा वाटा होता. ते स्वतः कधीकाळी निर्वासित म्हणूनच गेलेले होते, आणि फिलिपिन्समध्ये कार्यालय उघडून एकेक फाइल लढवत बसले.

प्रतिसाद : ओटावाकर

कॅनडातही असंच झालं. फिलिपिन्समधल्या त्या लोकांना आणण्यासाठी इथल्या व्हिएतनामी संघटनेने सरकारकडे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि पुन्हा तोच खाजगी स्पॉन्सरशिपचा मार्ग वापरला. या वेळी स्पॉन्सर गटांत १९७९-८० मध्ये आलेलीच माणसं होती. त्या गटांच्या कामाबद्दल इथल्या स्थानिक ग्रंथालयात बरंच काही आहे, सवड काढून वेगळा धागा काढतो.